लहान मुलांच्या कपड्यांचं उत्पादन : दर तीन आठवड्यांनी नवीन माल कसा आणायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात ० ते ६ वर्षांच्या मुलांच्या सुती होजिअरी कपड्यांचा छोटा ब्रँड, विक्री इन्स्टाग्रामवर आणि दोन दुकानांत. मोठ्या कंपन्यांसारखं दर तीन आठवड्यांनी नवीन डिझाइन आणायचं आहे, पण तमिळनाडूतल्या तिरुपूरचा कॉन्ट्रॅक्टर साठ दिवसांखाली येतच नाही. तो फसवतोय का?

नाही हो, तो खरं सांगतोय. मी अकरा वर्षं तिथून माल काढतेय. सूत आणायला ४ दिवस, निटिंगला (कापड विणायला) ७, डाईंग (रंगाई) आणि कॉम्पॅक्टिंगला (कापड आधीच दाबून घेणं, म्हणजे पुढे धुण्यात आकसत नाही) १२, कटिंगला ३, प्रिंटला ५, शिलाईला १२, चेकिंग-पॅकिंगला ४, गाडीला ५. झाले ५२. वर सॅम्पल पास करायचे पंधरा दिवस तुमच्याकडूनच जातात, ते आपण कधी मोजत नाही.

यात शिलाई ओढायला जाऊ नका. सगळे नवीन लोक तिथेच घाई करतात आणि हाती येतात तिरके गळे. खरी अडचण डाईंगला असते. २०११ मध्ये नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुपूरची डाईंग युनिट्स बंद झाली होती. नंतर ती सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर सुरू झाली. त्यामुळे रंगाई स्वस्त नाही, आणि सीझनमध्ये नंबर लागायला वेळ लागतो. तुमचा शंभर किलोचा लॉट निर्यातवाल्याच्या टनभर मालाच्या मागेच उभा राहणार.

म्हणून कापड लवकर घ्यायचं आणि डिझाइन उशिरा ठरवायचं. झारा पटपट माल आणते म्हणतात, त्यातलं बरंचसं गुपित हेच : न रंगवलेलं कापड हाताशी ठेवायचं आणि शिलाई स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को अशी जवळपास करायची. बेनेटन तर त्याही आधी पांढरे स्वेटर विणून ठेवून मागणी बघून रंगवायची.

आपल्या मापात हिशेब मांडू. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या अर्ध्या बाहीच्या टीशर्टला १६० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅमचं) सिंगल जर्सी, म्हणजे टीशर्टचं साधं विणलेलं कापड, वाया जाणारं धरून, साधारण १२० ग्रॅम लागतं. म्हणजे शंभर किलोच्या एका रंगात आठशेच्या वर पीस निघतात. तुम्ही आठ रंग काढायच्या विचारात आहात. म्हणजे साडेसहा हजार पीस, आणि ते सगळे एकदम गोडाउनात. त्याऐवजी चार रंग रंगवा. प्रत्येक रंगाच्या कापडावर तीन प्रिंट म्हणजे बारा डिझाइन, दर डिझाइनचे पावणेतीनशे पीस. आता ही बारा एकदम आणू नका, चार-चार करून तीन वेळा आणा. रंगवलेलं कापड तयार असलं आणि हजार-अकराशे पीसच शिवायचे असले, की कटिंग ३, पॅनलवर (शिवण्याआधीच्या कापलेल्या तुकड्यांवर) प्रिंट ४, शिलाई ६, चेकिंग-पॅकिंग ३, गाडी ५. झाले तुमचे तीन आठवडे. ग्राहकाला वाटतं ताईंकडे सारखं नवीन येतं. कापड मात्र एकच असतं.

प्रिंटची खात्री नसेल तर आधी तीस-चाळीस पीस डीटीएफवर (फिल्मवर छापून गरम दाबाने कापडावर चिकटवायची प्रिंट) काढून बघा आणि चाललं तरच छपाईची स्क्रीन बनवा. पण दोन वर्षांखालच्या बाळांच्या छातीवर तो प्लॅस्टिकचा मोठा चिकटा नको. घाम येतो, बाळं रडतात आणि आया परत घेत नाहीत.

आता तारखा. आपल्याकडे इंग्रजी महिन्यांवर प्लॅन करणारे दर दोन-तीन वर्षांनी तोंडघशी पडतात. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षीच्या तारखांवर ऑर्डर टाकलीत तर पैसे अडीच आठवडे आधी अडकतील. भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून उलटं मोजा. २०२६ च्या गणपती, दसरा, दिवाळीसाठी मी असं धरलंय : गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणून पहिला माल ५ सप्टेंबरला घरात. म्हणजे रंगवलेलं कापड १५ ऑगस्टला हवं, म्हणजे सुताची ऑर्डर २२ जुलैच्या आसपास. दुसरा माल ५ ऑक्टोबरला. तेव्हा पितृपक्ष असतो, गिऱ्हाईक नवे कपडे घेत नाही. पण दुकानदार घटस्थापनेच्या आधी रॅक भरतो, त्याला तेव्हाच माल लागतो. तिसरा २२ ऑक्टोबरला. या तिसऱ्यात काय छापायचं हे मी १ ऑक्टोबरपर्यंत ठरवतच नाही. तोवर गणपतीतली विक्री हातात आलेली असते. कुठला रंग गेला, कुठला साइज उरला ते कळतं.

एक खबरदारी. तिरुपुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते, मशिनं पुजून युनिट बंद राहतात. पुढे दिवाळीला बाहेरगावचे कारागीर घरी जातात आणि कधी परत येतील त्याचा भरवसा नसतो. तिसरा माल आयुधपूजेआधी गाडीत चढलाच पाहिजे. नाही चढला तर तो ख्रिसमसचा माल समजा.

साइजबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पैसे इथेच बुडतात. मूल पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात दहा-बारा. मोठ्या माणसाचा एल साइज पुढच्या वर्षीही एलच असतो. बाळाचं माप सीझन संपायच्या आत बदलतं. त्यात आपली माणसं "वाढत्या अंगाचं द्या" म्हणून एक साइज मोठाच उचलतात, आणि बारशाला जाणारी मावशी तर ६ ते १२ महिन्यांच्या खाली बघतच नाही. मी पहिल्या हिवाळ्यात लांब बाह्यांचे रॉम्पर पाचही साइजमध्ये सारखे कापले होते. डिसेंबरच्या मध्यात ६-१२ संपला, फोनवर रोज दहाजणी तोच मागत होत्या, आणि ०-३ चे दोन खोके पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत पलंगाखाली होते. शेवटी एका ओळखीच्या प्रसूतिगृहात वाटले. आता मी ०-३ चा एक असला तर ३-६ चे दोन, ६-१२ चे तीन, १२-१८ आणि १८-२४ चे दोन-दोन असं कापते. हे माझं प्रमाण. तुमच्या दोन दुकानांची मागच्या सहा महिन्यांची बिलं काढून तुमचं प्रमाण तुम्ही बसवा.

आणि बोरन्हाण विसरू नका. संक्रांतीला आपल्याकडे बाळाला काळं लागतं, तयार काळ्या कपड्यांना ते पंधरा दिवस चांगली मागणी असते. पण नेमका तेव्हाच तिरुपुरात पोंगल असतो, सगळं ठप्प. माल डिसेंबरअखेर तुमच्या हातात हवा, म्हणजे काळा लॉट नोव्हेंबरात पडायला हवा. आणि काळ्याला घाई चालत नाही. रंगवल्यावर नीट साबणाच्या धुण्या दिल्या नाहीत तर रंग सुटतो. एका वर्षी आमच्या डाईंगवाल्याने नंबर गाठायच्या नादात त्या धुण्या कमी केल्या. मीही घाईत होते, न तपासता कटिंगला पाठवलं. काळे फ्रॉक, गळ्याला पांढरी पायपिंग. संक्रांतीनंतर दोन दिवसांनी एका आईचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला : अंगावर हलव्याचे दागिने, समोर बोरं-चुरमुरे, हसरं बाळ, आणि मानेभोवती घामाने उतरलेला काळा पट्टा. खाली एकच शब्द, "ताई?" सगळ्यांचे पैसे परत केले.

तेव्हापासून कटिंगच्या आधी दोन गोष्टी होतात, कितीही उशीर झालेला असो. पांढरा रुमाल ओला करून कापडावर दहा वेळा जोराने घासायचा. रुमालाला रंग लागला तर लॉट परत. आणि ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा कापून तीनदा धुऊन वाळवून मोजायचा. दोन्ही बाजूंनी ४८ च्या खाली गेला तर मी कापड पुन्हा कॉम्पॅक्टिंगला पाठवते, कारण आईने 'वाढत्या अंगाचं' म्हणून घेतलेलं पहिल्या धुण्यात आकसलं तर ती दुसऱ्यांदा येत नाही. शिवाय लायक्रा असलेलं कापड रोलमधून सोडून रात्रभर तसंच पडू द्या, मग कापा. ताणलेलं कापड कापलं तर शिवल्यावर पॅन्टचा एक पाय आखूड येतो आणि कटिंग मास्टर दोष शिलाईवाल्याला देतो.

हुडी काढणार असाल तर टोपीला दोरी नको. युरोपातल्या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या टोपीला आणि गळ्याला दोरी चालत नाही, झोपाळ्या-घसरगुंडीत अडकून गळ्याला फास बसतो म्हणून. इलॅस्टिक लावा, दिसतंही बरं. चेकिंगला कपड्यात राहिलेला सुईचा तुकडा शोधणारं मशिन आहे का, तेही विचारून घ्या.

पहिल्या खेपेला चार रंगांचाही मोह टाळा. दोन घ्या, एक पांढऱ्याजवळचा, एक गडद. लॅब डिप (रंग पास करायला रंगवलेला छोटा नमुना) आली की कॉन्ट्रॅक्टर फोटो पाठवून "ओके मॅडम?" विचारेल. फोनवर ओके म्हणू नका. तुकडा कुरिअरने मागवा आणि सकाळी दहाच्या सुमारास खिडकीत धरून बघा. माझा एक 'पिस्ता' ट्यूबलाइटखाली पास झाला होता, दुकानात तो शेवाळी निघाला.