जपानमध्ये लहान मुलांना घेऊन बाहेर कुठे आणि कसं जेवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोकियो आणि क्योतोला आठवडाभर जाताय, मोठी मुलगी पाच वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा, बायको शाकाहारी (अंडं चालतं), बाकीचे सगळं खातात. लहान मुलांना घेऊन तिथल्या हॉटेलांत जेवता येतं का आणि काय सांभाळायचं?

येतं, आणि छान जमतं. फक्त आपली एक सवय बाजूला ठेवावी लागते. आपण आधी काय खायचं ते ठरवतो आणि मग हॉटेल शोधतो. जपानमध्ये मुलं बरोबर असली की आधी घड्याळ बघायचं, मग बसायची जागा, आणि पदार्थ सगळ्यांत शेवटी. कारण तिथली नावाजलेली दुकानं पुष्कळदा एवढीशी असतात: एक काउंटर, आठ-दहा उंच स्टुलं, मागे भिंत. बाबागाडी ठेवायला जागा नाही, लहान मुलांची खुर्ची नाही, आणि बाहेर रांग उभी. तिथे कोणी तुम्हाला हाकलणार नाही, पण सव्वा वर्षाच्या पोराला मांडीवर घेऊन उकळता रामेन (सूपमधल्या नूडल्स) खाणं म्हणजे शिक्षाच. तोच रामेन टेबलं असलेल्या ठिकाणी आरामात खाता येतो. क्योतो स्टेशनच्या इमारतीत दहाव्या मजल्यावर रामेनच्या दुकानांची एक गल्लीच आहे, लिफ्टने वर जाता येतं.

वेळेचं गणित सोपं आहे. दुपारच्या जेवणाला सकाळी ११ वाजता दार उघडतं तेव्हा आत शिरा. बारानंतर ऑफिसातली माणसं येतात आणि दीडपर्यंत हलत नाहीत. दोन-अडीच ते पाच बरीच दुकानं बंद असतात, आणि ‘मुलं झोपून उठली की जेवू’ म्हणणारी कुटुंबं नेमकी याच वेळेत अडकतात. रात्रीचं जेवण पाच-साडेपाचला. त्या वेळी निम्मी टेबलं रिकामी असतात आणि आजूबाजूला तुमच्यासारखीच लेकुरवाळी मंडळी असतात. दुकान बंद होण्याच्या साधारण अर्धा तास आधी ‘रासुतो ओदा’ म्हणजे शेवटची ऑर्डर घेतात, त्यानंतर आत घेत नाहीत.

पहिल्या दिवशी, प्रवासाने सगळे वैतागलेले असताना, सरळ ‘फामिरेसु’ गाठा. फॅमिली रेस्टॉरंटचं हे तिथलं लाडकं नाव. साइझेरिया, गुस्तो, रॉयल होस्ट, डेनीज ही त्यातली नावं तुम्हाला जागोजागी दिसतील. सोफ्याची बाकं, लहान मुलांची खुर्ची, प्लॅस्टिकची ताटली-चमचे, चित्रांचा मेनू, सगळं तयार. पाच वर्षांच्या मुलीसाठी ‘ओकोसामा रांची’ मागवा: एका ताटलीत भात, छोटं हॅम्बर्ग (खिम्याची टिक्की) किंवा तळलेली कोळंबी, थोडे बटाटे, जेली, कधी एखादं खेळणं, आणि भाताच्या मुदीवर टूथपिकला लावलेला कागदी झेंडा. हा प्रकार १९३० साली टोकियोच्या निहोनबाशीतल्या मित्सुकोशी डिपार्टमेंट स्टोअरच्या उपाहारगृहात सुरू झाला. झेंडा धाकट्याच्या हाती लागण्याआधी काढून घ्या, काडीला टोक असतं.

गुस्तोच्या बऱ्याच शाखांत मांजराच्या चेहऱ्याचा रोबो जेवण घेऊन टेबलापाशी येतो. ट्रेमधून ताटल्या आपणच उचलायच्या असतात, म्हणून कडेला मोठ्या माणसाने बसावं. टेबलावर वेटरला बोलवायचं बटण असतं. ते मुलांच्या हाताला लागणार नाही असं सरकवून ठेवा, नाहीतर वेटर दर दोन मिनिटांनी धावत येईल आणि तुम्ही ‘सुमिमासेन’ (माफ करा) म्हणत बसाल. साइझेरियात मुलांच्या मेनूवर दोन चित्रांतले दहा फरक शोधायचं कोडं असतं. ते मुलांसाठी आहे यावर विश्वास ठेवू नका, मोठ्यांचाही घाम निघतो. जेवण येईपर्यंतचा वेळ मात्र झकास जातो. ऑर्डर हल्ली बहुधा टेबलावरच्या टॅब्लेटवरून किंवा क्यूआर कोड स्कॅन करून फोनवरून द्यावी लागते, तेव्हा फोनमध्ये नेट आणि चार्जिंग दोन्ही असू द्या.

फिरत्या पट्ट्यावरची सुशी मुलांना हमखास आवडते. सुशिरो, कुरा, हामा या मोठ्या साखळ्या आहेत. २०२३ च्या सुरुवातीला काही टवाळांनी पट्ट्यावरच्या सुशीशी खोडसाळपणा करून व्हिडिओ टाकले, तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी पट्ट्यावर मोकळ्या ताटल्या फिरवणं बंद झालं. आता टेबलावरच्या पडद्यावर मागवायचं आणि ताटली सुसाट तुमच्यासमोर येऊन थांबते. पडद्यावर भाषा इंग्रजी करता येते. कुरामध्ये पाच ताटल्या टेबलाच्या फटीत सरकवल्या की पडद्यावर एक खेळ लागतो आणि नशीब असेल तर वरून खेळणं असलेली गोल डबी पडते. परिणामी मुलगी पाचवी ताटली यावी म्हणून खाईल, भूक असो वा नसो. या साखळ्यांत सुशीला वासाबी (झणझणीत हिरवी चटणी) लावलेला नसतो, त्याची पुडी वेगळी मिळते. छोट्या सुशीच्या दुकानात मात्र ‘साबी-नुकी’ म्हणजे वासाबी नको, हे सांगावंच लागतं. कच्चा मासा तिथले पालकही साधारण तीन वर्षांपर्यंत देत नाहीत. धाकट्याला साधा भात, उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स), शिजवलेलं अंडं द्या.

या सुशीच्या टेबलावर एक गोष्ट खरोखर धोक्याची आहे. प्रत्येक टेबलाला भिंतीत बसवलेला एक छोटा नळ असतो, खाली काळं बटण. त्या बटणावर कप टेकवून दाबला की चहासाठी उकळतं पाणी येतं. चहाची हिरवी पूड शेजारच्या डबीत असते. नवख्या माणसाला, आणि मुलांना तर नक्कीच, तो हात धुवायचा नळ वाटतो, आणि तो बरोबर मुलाच्या हाताच्या उंचीवर असतो. म्हणून बाक असं निवडा की पट्ट्याकडच्या, म्हणजे नळाच्या टोकाला मोठं माणूस बसेल आणि मूल बाहेरच्या बाजूला. मुलगी पट्ट्याजवळ बसायचा हट्ट धरेल; धरू द्या, पण जागा बदलू नका.

आता बायकोचा प्रश्न, कारण खरी अडचण मुलांची नसून तिची आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ नावाचा पातळ अर्क, आणि तो बहुधा ‘कात्सुओबुशी’चा, म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या काप्यांचा असतो. मिसो सूप, उदोनचं पाणी, टेंपुराची चटणी, गोडसर अंड्याची वडी, उकडलेली पालेभाजी, सगळ्यांत तो असतो. ‘मांस-मासे नको’ म्हटलं तर वेटर मनापासून मान डोलावतो आणि दाशीतली भाजी आणून ठेवतो; त्याच्या मते त्यात मासा नाहीच. म्हणून नेमकं विचारा: ‘कात्सुओ-दाशी हाइत्तेमास का?’ सुशीच्या दुकानात काकडीचा ‘काप्पा-माकी’ आणि एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) बिनधास्त. इनारीचं (भात भरलेल्या तळलेल्या टोफूच्या सुशीचं) टोफू मात्र बहुधा दाशीत शिजवलेलं असतं. साइझेरियात मार्गारिटा पिझ्झा चालेल, पण तिथला प्रसिद्ध ३०० येनचा दोरिया (सॉस घालून भाजलेला भात) नको, त्यात खिमा असतो. मॅकडोनाल्ड्सचे बटाटे जपानमध्ये बीफच्या चरबीचा अंश असलेल्या तेलात तळतात, तेही लक्षात ठेवा.

कोको इचिबान्या या करीच्या साखळीत एक सापळा आहे. ‘यासाई करी’ म्हणजे भाज्यांची करी खरी, पण खालची करी नेहमीची, डुकराच्या मांसावर बेतलेली. शाकाहारी करी वेगळी असते, सगळ्या शाखांत नसते, आणि मागताना ‘बेजितारिआन’ हा शब्द वापरावा लागतो. मुलांना तिथे कमी तिखटाची, गोडसर करी मिळते, ती बहुतेक मुलं चाटूनपुसून खातात. टोकियो स्टेशनच्या तिकीट-फाटकाच्या आत, केइयो लाइनकडे जाणाऱ्या वाटेवर ‘टीज तानतान’ नावाचं पूर्ण शाकाहारी रामेनचं दुकान आहे. शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) पकडायच्या दिवशी तिथलं जेवण ठरवून टाका. आणि वरण-भाताची आठवण अनावर झालीच तर तोझाई लाइनवरचं निशी-कासाई गाठा. त्या भागात भारतीय, त्यांत मराठीही, बरीच कुटुंबं राहतात आणि आपली हॉटेलं आहेत. गल्लोगल्ली दिसणारी ‘इंडियन करी’ची हॉटेलं पुष्कळदा नेपाळी मंडळी चालवतात, नान हातभर लांब आणि गोडसर असतो, मुलांना तोच आवडतो.

धाकट्यासाठी उदोन हे देवाचं देणं. मऊ, जाड, सरकवून खायची गंमत. पाणी मात्र खारट असतं, म्हणून नूडल्स वेगळ्या वाटीत काढून गरम पाण्याने थोड्या धुऊन घ्या. ‘तोरि-झारा कुदासाई’ म्हटलं की वाटून घ्यायची ताटली मिळते. रामेन-उदोनच्या दुकानात न मागताही लहान वाटी आणि काटा पुढे येतो. नूडल्स कापायची डबीतली छोटी कात्री तिथल्या बाळांच्या दुकानांत मिळते, ती घेऊन टाका. मोची (तांदळाचा चिकट गोळा) आणि कोन्न्याकू (कंदाची चिवट जेली) धाकट्याला अजिबात नको, घशात अडकतात. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स. त्याची ॲलर्जी काही मुलांना फार जोरात येते, आणि सोबा-उदोन एकाच भांड्यात उकळणारी दुकानं बरीच आहेत. आधी कधी खाल्लं नसेल तर सहलीत प्रयोग करू नका. पॅकबंद खाण्यावर अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, शेंगदाणा, सोबा, अक्रोड असे घटक छापणं बंधनकारक आहे. हॉटेलांना ते बंधन नाही, पण मोठ्या साखळ्या मागितल्यावर तक्ता दाखवतात.

बाळाचं खाणं बाहेरून आणलेलं चालतं का, हे विचारून घ्यावं: ‘रिन्यूशोकु नो मोचिकोमी वा ई देस का?’ बहुधा हो म्हणतात. मोठ्यांचं बाहेरचं खाणं मात्र चालत नाही, थेपले-चकल्या टेबलावर काढू नका. पाण्यात थंडीतही बर्फ असतो. ‘कोओरी नाशी’ म्हणजे बर्फ नको.

बसायला खुर्चीपेक्षा ‘झाशिकी’ मिळाली तर सोनं. चटईची उंच बैठक, बूट काढून वर बसायचं, बाळ लोळू शकतं. मोजे सगळ्यांचे धड असू द्या. ‘होरिगोतात्सु’ असेल तर टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असतो, आणि रांगतं मूल त्यात सरळ उतरतं. त्या बाजूला उशी लावा.

इझाकाया म्हणजे दारू-खाण्याची दुकानं. मुलांना घेऊन तिथेही जाता येतं, पण दारावरची पाटी बघा. एप्रिल २०२० पासून कायद्याने हॉटेलांत धूम्रपान बंद आहे, मात्र काही जुन्या छोट्या दुकानांना सूट मिळाली. जिथे सिगारेट चालते तिथे २० वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. शिवाय इझाकायात न मागता एक छोटी वाटी समोर येते, ‘ओतोशी’, आणि तिचे माणशी काहीशे येन बिलात लागतात. ती फसवणूक नाही, बसण्याचं भाडं समजा. महागडी सुशी आणि काइसेकी-जेवण (एकामागून एक छोटे पदार्थ येणारं पारंपरिक जेवण) या सहलीत सोडून द्या; अशा पुष्कळ ठिकाणी शाळेच्या वयाखालची मुलं घेत नाहीत.

गर्दी असेल तर दारात वही किंवा नंबराचं यंत्र असतं. वहीत नाव आणि मोठी-लहान माणसं किती ते लिहायचं. आडनाव क्षीरसागर असलं तरी ‘राजू’ लिहा, हाक ओळखू येईल. तिकिटाचं यंत्र असलेल्या दुकानांत आधी पैसे, मग जेवण. जुनी यंत्रं फक्त हजाराची नोट घेतात आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटा काहींना अजून पचत नाहीत, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. बाकी ठिकाणी टेबलावरची चिठ्ठी उचलून दाराजवळच्या गल्ल्यावर पैसे द्यायचे. टीप नाही. उरलेलं बांधून द्यायची पद्धत फारशी नाही, म्हणून आधी कमी मागवा.

उठताना तिथले पालक खाली सांडलेली शितं ओल्या टॉवेलने किंवा टिश्यूने टिपून घेतात आणि ताटल्या एका बाजूला लावून ठेवतात. तुम्हीही तसं करा, पुढच्या वेळी त्याच दुकानात जाताना संकोच वाटणार नाही. डायपर मात्र हॉटेलच्या कचऱ्यात टाकायचा नाही. घट्ट बांधायच्या पिशव्या बरोबर ठेवा, कारण रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीतच. डायपर बदलायला, दूध पाजायला डिपार्टमेंट स्टोअरच्या लहान मुलांच्या मजल्यावर वेगळी खोली असते, दुधाच्या पावडरीसाठी गरम पाण्यासकट. वरच्या मजल्यांवर हॉटेलं असतात आणि दारात प्रत्येक पदार्थाचा मेणाचा वाटावा असा प्लॅस्टिकचा नमुना काचेआड मांडलेला असतो. मुलीला कडेवर घ्या, तिने बोट दाखवलं की त्याचा फोटो काढून वेटरला दाखवा.