आधी ताप, मग विषाणू

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. वटवाघळांच्या गुहांतून अनोळखी विषाणू शोधणाऱ्या प्रकल्पात जावे की सिंधुदुर्गात राहून तापाच्या रुग्णांचे काम करावे, हा तुझा पेच पत्रातून कळला. माझे उत्तर तुला ठाऊकच आहे: आधी ताप, मग विषाणू.

१९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली आणि त्या मागावरून माकडतापाचा विषाणू सापडला. २०१६ मध्ये तो आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गातल्या केर गावात पोहोचला, तेव्हाही माकडे मरत होती. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच गळतात आणि काजू वेचायला किंवा सरपणाला गेलेल्या बाईच्या पायावर चढतात. पांढरे कापड पाचोळ्यावरून ओढावे, उलटून पाहावे, तर मोहरीहून बारीक पिल्ले त्याला चिकटलेली असतात. या कामाने नाव होत नाही. कोणत्या वाडीला आधी सावध करायचे ते मात्र कळते.

उलट, आठ ते बारा हजार नवे विषाणू शोधण्यासाठी अमेरिकेने २०२१ मध्ये जाहीर केलेला ‘डीप व्हिजन’ हा कार्यक्रम २०२३ मध्ये गुंडाळावा लागला. अगं, हजारो विषाणूंपैकी माणसात कोणता उतरेल हे नुसत्या जनुकक्रमावरून खात्रीने सांगता येत नाही. आणि सांगता आलेच, तर ती घातक यादी वाईट हेतूच्या माणसालाही वाचता येईल. धोका तिथवर थांबत नाही. १९६७ मध्ये मारबर्ग, फ्रँकफुर्ट आणि बेलग्रेडच्या प्रयोगशाळांत युगांडातून माकडे आणली होती ती लशीच्या कामासाठी, नवा विषाणू कोणी शोधतही नव्हते. तरी त्या माकडांतल्या अनोळखी विषाणूची ३१ जणांना लागण झाली आणि ७ जण दगावले.

मलाही असे बोलावणे आले होते आणि मी ते नाकारले. बरोबरीचे लोक पुढे गेले, मी तालुक्यात राहिलो, आणि याची खंत अजून बोचते. तरीही मी हट्टाने म्हणतो की माझा निर्णय योग्य होता, कारण तापलेल्या माणसाचे रक्त तपासणीसाठी वेळेवर पुण्याच्या विषाणू संस्थेत पोहोचवणे हे संशोधनच आहे. आधी ताप, मग विषाणू. हे मी किती वेळा सांगायचे?

तरी जायचेच असेल, तर जाळे धरणाऱ्या गावातल्या वाटाड्याला वटवाघूळ चावले तर त्याच्या उपचाराची आणि घरच्यांची जबाबदारी कोणाची, हे आधी लेखी मागून घे. ते मिळाल्याशिवाय सही करू नकोस.