कायदा-सल्ला: रविवारची भेट आणि मुलीची सुरक्षितता

प्रश्न: माहेरी, इंदूरला रामबागेत राहते. मुलगी 4 वर्षांची आहे. कुटुंब न्यायालयाच्या अंतरिम आदेशानुसार दर रविवारी 11 ते 5 ती वडिलांकडे जाते. गेल्या दोन महिन्यांत दोनदा ते पिऊन आले आणि तिला स्कूटरवर पुढे उभी करून घेऊन गेले. आता पाठवूच नये असं वाटतं. चालेल का?

उत्तर: ताई, आदेश असताना भेटी कायमच्या बंद केल्यात तर पुढच्या पेशीला चर्चा त्यांच्या दारूची होणार नाही, तुम्ही आदेश मोडल्याची होईल. मात्र दारात उभा माणूस प्यायलेला दिसत असेल तर त्या दिवशी मूल हाती देऊ नका. वाद वाढला तर 112 ला फोन करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. त्याच तासात त्यांना साधा मेसेज करा: ‘आज तुम्ही प्यायलेले दिसलात म्हणून पाठवलं नाही, संध्याकाळी 6 ला व्हिडिओ कॉल करा.’ शिव्या नकोत, टोमणेही नकोत. हा मेसेज न्यायाधीश वाचणार आहेत. न्यायालय उघडलं की लगेच त्याच प्रकरणात आदेश बदलण्याचा अर्ज द्या. ताब्याचे आणि भेटीचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलता येतात.

अर्ज फसतात ते मागणीत. ‘बाप व्यसनी आहे, भेट बंद करा’ असं लिहिलं की समोरून ‘आई सूड घेते’ असं उत्तर येतं आणि दोन शपथपत्रं एकमेकांना खोडतात. त्यापेक्षा तारीख, वेळ, कोणी पाहिलं हे लिहा आणि नेमकी व्यवस्था मागा: पहिल्या आठ भेटी दोन-दोन तासांच्या, न्यायालयाच्या आवारात किंवा दोघांना चालेल अशा नातेवाइकाच्या घरी, मुलीला वाहनावर न्यायचं नाही, रात्रीचा मुक्काम नाही, आठ भेटींनंतर फेरविचार. अशी मागणी मान्य करणं न्यायालयाला सोपं जातं, कारण बाप-लेकीचं नातं तुटत नाही. 5 वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं, असं 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 6 म्हणतं. त्या ‘सामान्यतः’वर मात्र फार विसंबू नका, कलम 13 मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं.

पुराव्याचं एक इंदुरी दुखणं: घरातले मेसेज मराठीत आणि कामकाज हिंदीत. भाषांतर आधीच जोडा, नाहीतर त्यासाठीच एक तारीख जाते. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 14 मुळे पुराव्याचे काटेकोर नियम इथे थोडे सैल असतात, तरी ही सवलत गृहीत धरू नका. मुलीला कॅमेऱ्यासमोर बसवून ‘बाबा काय करतात सांग’ असा व्हिडिओ तर मुळीच काढू नका. तो पढवलेला वाटतो आणि एरवी भक्कम असलेली बाजूही लंगडी पडते. बालरोगतज्ज्ञांचा कागद, शाळेच्या डायरीतली नोंद, शेजाऱ्यांचं शपथपत्र यांचं वजन जास्त.

तुम्हालाही मारहाण झाली असेल तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलीला घातक वाटली तर ती नाकारूही शकतात. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर मात्र अर्जाची वाट पाहू नका. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरूनही मदत मिळते. मुलीला पुन्हापुन्हा विचारू नका. ती आपणहून बोलली तेवढंच तिच्या शब्दांत लिहून ठेवा. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

प्रश्न: मी इंदूरला. 8 महिन्यांपूर्वी पत्नी 7 वर्षांच्या मुलाला घेऊन वडोदऱ्याला माहेरी गेली. तो तिथल्या शाळेत आहे. अर्ज कुठे करू?

उत्तर: 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम 9 विचारतं, मूल सामान्यतः राहतं कुठे. चार दिवसांचा मुक्काम त्यात धरत नाहीत, पण 8 महिने आणि शाळेतला दाखला तुमच्या विरुद्ध जातात. इंदूरला अर्ज केलात तर आधी हाच वाद वर्षभर रेंगाळू शकतो, म्हणून वडोदराच सरळ. भेटीसोबत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलही मागा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या यशिता साहू निकालात अशा संपर्कावर भर दिला आहे.

प्रश्न: नवरा पोटगी थकवतो. भेट थांबवू का?

उत्तर: नाही. थकबाकीचा अर्ज वेगळा करा. दंडाधिकारी किंवा कुटुंब न्यायालयाने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125) खाली आदेश दिला असेल तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज गेला पाहिजे.