सिस्टिम सस्पेंड करताना क्लॉकची (चिपला ठोके देणाऱ्या सिग्नलची) ‘ऑलरेडी डिसेबल्ड’ वॉर्निंग येते. एडीसीच्या (अ‍ॅनालॉग सिग्नलला आकड्यांत बदलणाऱ्या भागाच्या) ड्रायव्हरमध्ये स्लीपसाठी वेगळा कोड लिहावा का?

नाही, क्लॉक बंद करणारा वेगळा कोड लिहू नका. लिनक्स ड्रायव्हरच्या सस्पेंड-रिझ्युमच्या जागी पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड आणि पीएम_रनटाइम_फोर्स_रिझ्युम ही कर्नलची तयार फंक्शन्स लावा. वॉर्निंग येते कारण बोर्ड झोपवण्याआधीच एडीसी रनटाइम सस्पेंडमध्ये (सिस्टिम चालू असतानाच, वापर नसल्यामुळे एकटं डिव्हाइस झोपतं त्या स्थितीत) गेलेला असतो. सिस्टिम सस्पेंडच्या सुरुवातीला पीएम कोअर (कर्नलचा पॉवर मॅनेजमेंट सांभाळणारा भाग) युसेज काउंट (डिव्हाइस सध्या किती ठिकाणी लागतंय याची मोजणी) एकने वाढवतो, पण डिव्हाइसला जागं करत नाही. मग तुमचा सस्पेंड कॉलबॅक (झोपवताना कर्नल बोलावतो ते ड्रायव्हरमधलं फंक्शन) येतो आणि बंद असलेलाच क्लॉक पुन्हा बंद करायला जातो. फोर्स_सस्पेंड आधी त्या डिव्हाइसचं रनटाइम पीएम थांबवतं, मग स्थिती बघतं: झोपलेलं असेल तर तसंच परत फिरतं, जागं असेल तरच तुमचा रनटाइम_सस्पेंड बोलावतं. रिझ्युमच्या वेळीही गरज नसलेलं डिव्हाइस उगाच उठत नाही, आणि बॅटरीवरच्या बोर्डासाठी मला हे फार मोलाचं वाटतं. कर्नल 5.17 पासून डिफाइन_रनटाइम_डेव्ह_पीएम_ऑप्स हा मॅक्रो ही सगळी जोडणी करून देतो.

मात्र हेच डिव्हाइस बोर्डाला जागं करणार असेल आणि त्याच्या इंटरप्टला क्लॉक लागत असेल, तर हा मार्ग जसाच्या तसा चालणार नाही. तिथे स्वतःचा सस्पेंड लिहा, डिव्हाइस_मे_वेकअप तपासा (या डिव्हाइसला बोर्ड जागं करायची मुभा आहे का), आणि उत्तर ‘हो’ आलं तर पीएम_रनटाइम_रिझ्युम_अँड_गेटने क्लॉक चालू ठेवा; त्याने युसेज काउंटही वाढतो. तो काउंट रिझ्युममध्ये परत सोडायला विसरू नका.