भिंतीवरचा हीटर मध्येच बंद पडतो तेव्हा

उत्तरांकडे वळण्याआधी एक विनंती. खाली जिथे झाकण उघडायला सांगितले आहे, तिथे हीटरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा, वीजबोर्डावरचा स्विच) किंवा घराचा मेन स्विच बंद करूनच हात घाला. हीटरवरचे बटन बंद करणे पुरेसे नाही. पुष्कळ हीटरांत ते बटन एकच वायर तोडते, त्यामुळे आतल्या काही टोकांत वीज राहू शकते. टेस्टर वापरणार असाल तर वीज नक्की आहे अशा जागी तो आधी लावून बघा, मगच त्याच्यावर विश्वास ठेवा.

प्रश्न : आमचा पंखा असलेला हीटर थोडा वेळ नीट चालतो आणि अचानक बंद होतो. बऱ्याच वेळाने आपोआप सुरू होतो. दुरुस्तीला आलेल्या माणसाने आतला एक छोटा भाग काढून वायर थेट जोडू असे सुचवले. करावे का?

अजिबात करू नका. तो छोटा भाग म्हणजे कटआउट. आतले तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तो कॉइलची, म्हणजे तापणाऱ्या तारेची, वीज तोडतो आणि निवल्यावर पुन्हा जोडतो. काही हीटरांत तो बटन दाबून पूर्ववत करावा लागतो. तो थेट केला की बिघाड तसाच राहतो आणि वीज तोडणारे काही उरत नाही. मग आधी धूळ पेटते, नंतर प्लास्टिक आणि वायरचे आवरण.

तरी एक खात्री करून घ्या. हीटर बंद पडला की थर्मोस्टॅटची खुंटी सर्वांत वरच्या अंकावर फिरवा. टिक्‌ असा आवाज येऊन हीटर सुरू झाला, तर त्याला थर्मोस्टॅटने थांबवले होते. खोली हवी तितकी तापली असे त्याला वाटले, एवढाच त्याचा अर्थ, तो बिघाड नव्हे. खुंटी फिरवूनही काही होत नसेल तर संशय कटआउटवर जातो.

मग कारण शोधायचे. बहुतेक वेळा कॉइल निर्दोष असते आणि हवा कमी पडलेली असते. जाळीत धूळ साचते, पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसतो, पंखा मंदावतो आणि कॉइलची उष्णता बाहेर न पडता आतच कोंडते. समोर पडदा किंवा पलंग आला तरी हेच होते. हीटरसमोर निदान 1 मीटर जागा मोकळी हवी.

सफाई अशी करा : वीज बंद, हीटर पूर्ण निवलेला, जाळी काढलेली. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सुटी करा आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. कॉइलला ब्रश टेकवू नका, तापून-निवून जुनी झालेली तार ठिसूळ असते. पाणी किंवा स्प्रे नको. पाते बोटाने फिरवून बघा : ते सहज फिरून हळूहळू थांबले पाहिजे. अडखळत असेल तर बेअरिंग सुकले आहे. कंपनीच्या पुस्तिकेत तेल द्यायला सांगितले असेल तरच हलक्या मशीन ऑइलचा एखादा थेंब द्या, नाहीतर मोटर बदला.

एवढे करूनही हीटर थांबत राहिला, तर कटआउट जुना होऊन गरजेपेक्षा लवकर वीज तोडू लागला असेल. त्याच्यावर छापलेले तापमान आणि अँपिअर तेच असलेला नवा बसवा. काही हीटरांत शिवाय एकदाच वितळणारा थर्मल फ्यूज असतो. तो का गेला हे कळल्याशिवाय बदलू नका. त्याच्या तारा दाबून जोडतात, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेने तो बसवतानाच जाऊ शकतो.

प्रश्न : थंडीत पहिल्यांदा हीटर लावला की जळका वास येतो. घाबरावे का?

वर्षभर साचलेली धूळ जळते तेव्हा कोरडा, करपट वास येतो. खिडक्या उघडून हीटर थोडा वेळ चालवला की तो जातो, आणि आधी सफाई केली असेल तर फारसा येतच नाही. वितळलेल्या प्लास्टिकचा किंवा माशासारखा वास मात्र वेगळा. तो वायरचे आवरण किंवा टर्मिनलचा पट्टा (वायरची टोके जिथे स्क्रूने आवळतात तो) तापल्याचा असतो. त्या वासावर हीटर लगेच एमसीबीपासून बंद करा आणि उघडून बघेपर्यंत लावू नका.

प्रश्न : प्लग हाताला चटका बसेल इतका तापतो, सॉकेट एका बाजूने काळे पडले आहे. एमसीबी मात्र कधीच पडला नाही, म्हणजे सारे ठीक असेल ना?

ठीक नाही. या सदरातला सर्वांत धोक्याचा प्रश्न हाच. एमसीबी जास्तीचा प्रवाह बघतो आणि इथे प्रवाह जास्त नाहीच. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर घेतो. सॉकेटची पकड ढिली होऊन तिथे अवघा अर्धा ओहम रोध आला, तर त्या एका बिंदूवर सुमारे 40 वॅट उष्णता तयार होते. कथील वितळवायला 25 वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरतो, यावरून अंदाज बांधा. आणि रोध वाढल्याने प्रवाह किंचित कमीच होतो, त्यामुळे एमसीबीला काही जाणवत नाही.

तापलेल्या सॉकेटमधली पितळी पकड आपला ताण गमावते, पकड ढिली झाली की ती आणखी तापते. म्हणून घासून-पुसून काम भागवू नका. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, नुसता प्लग बदलला तर जुनी पकड नव्याही प्लगला जाळेल. वायरचे काळवंडलेले टोक चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापा आणि स्क्रू घट्ट आवळा. हीटर एक्स्टेंशन बोर्डावर कधीच लावू नका, त्याला स्वतंत्र लाइन हवी. दर थंडीआधी टर्मिनलचे स्क्रू तपासायला लावा. तापण्या-निवण्याने ते सैल होतात.

प्रश्न : हीटर बरेच महिने बंद होता. आता लावला की लगेच आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. अर्थिंगची वायर काढली तर पडत नाही.

ती वायर आधी परत जोडा. ती नसताना गळती थांबत नाही, हीटरच्या धातूच्या अंगावर ती तशीच राहते आणि पुढचा हात लावणाऱ्याची वाट बघते.

नळीच्या एलिमेंटमध्ये (तापणाऱ्या भागात) तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. ती दमट हवेतला ओलावा शोषते आणि थोडा प्रवाह नळीकडे झिरपू लागतो. घरगुती आरसीसीबी सहसा 30 मिलिअँपिअरचा असतो, त्याला एवढे पुरते. हीटर उतरवून कोरड्या, उबदार जागी काही दिवस ठेवा आणि मग इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (वीज कितपत अडवली जाते ते मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन मोजून घ्या. सुकल्यावरही आकडा सुधारला नाही तर नळीला तडा आहे, एलिमेंट बदला. लावताच न पडता तापल्यावर पडत असेल तरीही तड्याचाच संशय घ्या.

प्रश्न : ऊब पूर्वीपेक्षा कमी वाटते, संध्याकाळी तर फारच.

फक्त संध्याकाळी कमी असेल तर व्होल्टेज मोजा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते : 230 व्होल्टवर 2000 वॅट देणारा हीटर 200 व्होल्टवर साधारण 1500 वॅटच देतो. दिवसभर कमी असेल तर दोनपैकी एक कॉइल गेली असावी. वीज बंद करून, वायर सोडवून कॉइल मल्टिमीटरने मोजा. 230 व्होल्टच्या 1000 वॅटच्या कॉइलचा रोध 53 ओहमच्या आसपास हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. पीळ मारून ती जोडू नका, सांधा पुन्हा तिथेच तापून जळतो.

प्रश्न : सुरू करताना आणि बंद केल्यावर टकटक आवाज येतो.

पत्रा तापून प्रसरण पावतो आणि निवताना आकसतो, त्याचा हा आवाज. चरचर किंवा ठिणगीसारखा आवाज आला तर मात्र हीटर बंद करा. तो सैल जोडाचा असतो.

प्रश्न : जुना हीटर दुरुस्त करावा की काढून टाकावा?

पंखा, कटआउट, थर्मोस्टॅट हे भाग त्याच मापाचे मिळत असतील तर दुरुस्त करा. टर्मिनलचा पट्टा करपला असेल, आतल्या वायरचे आवरण वाकवताच तडकत असेल किंवा कॉइल लोंबकळून पत्र्याला टेकत असेल तर काढून टाका. काढल्यावर भिंतीतल्या वायर नुसत्या टेप गुंडाळून सोडू नका. प्रत्येक टोक कनेक्टरमध्ये बंद करा, वर झाकणाची पेटी बसवा आणि त्या एमसीबीवर ‘हीटर काढला आहे’ अशी चिठ्ठी लावा.