पुण्याजवळ औषधांशिवाय काटक मेंढ्या पाळता येतील का?

चाकणजवळ दोन एकर आहे, कोणती जात घेऊ आणि औषधं पूर्ण बंद ठेवता येतील का, असं विचारलंय. जात दख्खनीच घ्या. बाकीच्या हौशी नंतर.

औषधांचं म्हणाल तर आमच्या घरात यावरून दहा वर्षं भांडण झालंय. आम्ही पुरंदरचे. थोरले बंधू दर महिन्याला अख्ख्या कळपाला जंताचा डोस पाजायचे, कायम एकच औषध. मी म्हणायचो, दादा, पापणी बघून द्या. ते म्हणायचे, तू बँकेत खर्डेघाशी केलीस, मला शिकवू नकोस. एका भाद्रपदात बारा मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलं, ही जंतांचीच खूण. डोस पाजून आठच दिवस झाले होते! पाच गेल्या. सगळ्यांना सारखं पाजत राहिलं की औषधाला दाद न देणारे जंत तेवढे मागे उरतात, मग त्यांचीच पैदास होते.

खालची पापणी अंगठ्यानं हलकेच ओढायची. आत डाळिंबी लाल दिसलं तर सोडून द्या. पांढरं फटक दिसलं तर जंतांनी त्या मेंढीच्या अंगात रक्त उरू दिलेलं नाही, तिला त्याच दिवशी औषध. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा ‘फामाचा’ तक्ता केलाय. दर खेपेला पांढरी निघणारी मेंढी मात्र बाजार दाखवायची, तिची कोकरं पैदाशीला ठेवायची नाहीत. काटकपणा असा येतो, चूर्णं चारून नाही.

सकाळी दव सुकल्याशिवाय चरायला सोडू नका, ओल्या गवतावर जंतांची पिल्लं चढलेली असतात. हाकताना आरडाओरडा नको. लोकर धरून ओढू तर मुळीच नका, कातडीखाली रक्त साकळतं. एक माणसाळलेली म्हातारी मेंढी पुढं घाला, बाकीच्या मुकाट मागून येतात.

हां, एक राहिलं. लसीला रसायन समजू नका. आंत्रविषार म्हणजे आतड्यात विष होऊन मेंढरू अचानक मरतं तो रोग, त्याची लस पावसाळ्याआधी टोचायचीच. नैसर्गिकच्या नादात मी ती एका वर्षी चुकवली. पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर कोकरं दोन दिवस तुटून पडली आणि तिसऱ्या सकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, तीन मेलेली, तीही सगळ्यात गुबगुबीत. दादा त्यावरून अजून टोमणे मारतात.

पापण्या मात्र आता तेही बघतात. मी गावात नसलो की.