‘काउंटी लेजिस्लेचर’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी : अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीविषयीच्या (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) बातमीत ‘काउंटी लेजिस्लेचरने लोकल लॉ संमत केला’ असे वाक्य आहे. त्याचे ‘जिल्हा परिषदेने उपविधी केला’ असे भाषांतर चालेल का?

माझ्या मते नाही. जिल्हा परिषद हा शब्द जवळचा वाटतो, पण आपली जिल्हा परिषद 1961च्या राज्य अधिनियमाच्या चौकटीत चालते आणि ‘उपविधी’ म्हटले की वाचकाला गृहनिर्माण सोसायटी आठवते. न्यूयॉर्कच्या काउंटीला कायदे करण्याचा अधिकार थेट न्यूयॉर्क राज्याच्या घटनेतून मिळतो. राज्याच्या सर्वसाधारण कायद्यांशी विसंगत नसला की झाले. म्हणून ‘स्थानिक कायदा’ हेच बरोबर. सभागृहाला ‘काउंटी विधिमंडळ’ म्हणावे. ‘विधानसभा’ नको, कारण त्या नावाचे सभागृह न्यूयॉर्क राज्याला स्वतःचे आहे. काही काउंट्यांत विधिमंडळाऐवजी ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’ असते. तिथे टाउनचे, म्हणजे काउंटीतल्या छोट्या विभागांचे, निर्वाचित प्रमुख बसतात. त्याचे ‘पर्यवेक्षक मंडळ’ केले तर परीक्षेचा हॉल डोळ्यांपुढे येतो!

सफोकमध्ये 18 सदस्य, प्रत्येक जण एका ‘डिस्ट्रिक्ट’मधून. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे मतदारसंघ, जिल्हा नव्हे.

खरी फसगत ‘टेबल’ शब्दात आहे. सफोकच्या कागदांवर ‘लेड ऑन टेबल’ असेल तर प्रस्ताव मांडला गेला, म्हणजे आपले ‘पटलावर ठेवणे’. नुसते ‘टेबल्ड’ असेल तर तो लांबणीवर पडला. बऱ्याचदा जनसुनावणी व्हायची असते म्हणून. एकाच कागदावर दोन्ही शेरे असतात आणि दोन्हींचे ‘पटलावर ठेवला’ केले की अर्थ उलटा होतो.

‘संमत’ हा शब्दही जपून वापरा. प्रस्ताव सदस्यच मांडू शकतो आणि त्यात एकच विषय असावा लागतो. अंतिम मसुदा मतदानाआधी किमान 7 दिवस, रविवार सोडून, सदस्यांच्या मेजावर हवा. तातडीचा दाखला असेल आणि दोन तृतीयांश मते मिळाली तर ही अट सुटते. बहुमत एकूण सदस्यसंख्येचे लागते. हजर कितीही असोत, 18च्या सभागृहात 10 मते हवीतच. मग निर्वाचित ‘काउंटी एक्झिक्युटिव्ह’कडे 30 दिवस. त्याने नकाराधिकार वापरला तर तो मोडायला दोन तृतीयांश, म्हणजे 12 मते. (एक्झिक्युटिव्हला ‘कार्यकारी प्रमुख’ म्हणा. ‘जिल्हाधिकारी’ निवडून येत नाही.)

एवढे होऊनही कायदा लागू होत नाही. त्याची प्रत 20 दिवसांत ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’कडे दाखल करायची असते आणि दाखल होईपर्यंत तो अंमलात येत नाही. बातमीत ‘संमत’ असेल तर ‘लागू’ लिहू नका. आणि हा सेक्रेटरी परराष्ट्रमंत्री नव्हे! तो न्यूयॉर्क राज्याचा अधिकारी. ‘राज्य सचिव’ पुरे.

‘ऑर्डिनन्स’ भेटला तर? अमेरिकेतल्या गावपातळीवर तो सभागृहानेच केलेला नियम असतो. आपला अध्यादेश सभागृह भरलेले नसताना निघतो, म्हणून तो शब्द तिथे चालत नाही. ‘स्थानिक नियम’ लिहावे. ‘उपविधी’ वापरायचाच असेल, तर इथे एक वेळ चालेल.